बिदरच्या बादशहाला नाकारणारी कान्होपात्रा : मोबाईलवर बालगंधर्वांची कोणती प्रत ऐकायची?

बिदर / कलबुर्गी : मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा. तिच्या रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहाच्या कानावर गेली, त्यानं तिला आणायला माणसं पाठवली. ती तोवर वारकऱ्यांबरोबर पंढरपूर गाठून विठ्ठलाच्या पायाशी आलेली होती. शेवटचं एकदा दर्शन घेऊ द्या, एवढंच तिनं मागितलं आणि तिथंच देह ठेवला. देवळाच्या दक्षिण दाराशी तिला पुरलं आणि त्या जागी तरटीचं झाड उगवलं, अशी ही पंधराव्या शतकातली गोष्ट वारकरी परंपरेत सांगतात. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आलेली होती, ते बहामनींचे दिवस.

या गोष्टीवर नारायण विनायक कुलकर्णी यांनी ‘संगीत कान्होपात्रा’ हे नाटक लिहिलं. १९३१ साली ते रंगभूमीवर आलं. चाली मास्तर कृष्णरावांच्या आणि कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व. नाटकात खुद्द कान्होपात्रेचे अभंग आहेतच, शिवाय मंगळवेढ्याच्याच चोखोबांचा ‘जोहार मायबाप’ आहे. ही पदं पुढं रेकॉर्डवर आली आणि आज नव्वद वर्षांनंतर भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफजलपूरच्या मराठी घरांत मोबाईलवर ऐकता येतात.

अडचण इथून सुरू होते. बालगंधर्व आणि कान्होपात्रा असं टाकून शोधलं की एकाच पदाच्या पाच-सात प्रती समोर येतात. एकीत आवाज बारीक आणि घाईघाईचा. दुसरीत पाण्याखालून गातोय असा. तिसरीत खरखर इतकी की घरातलं पोरगं म्हणतं, ‘आजोबा, बंद करा ते.’ चौथीवर ‘रिमास्टर्ड’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पाचवीत भलताच गायक.

त्यातली चुकीची प्रत पहिल्यांदा कानावर पडली की नवा ऐकणारा निकाल देऊन मोकळा होतो : एवढं कौतुक करायचं, ते या आवाजाचं? बालगंधर्वांचं नाव आजोबांकडून ऐकलेल्या पिढीला ते गाणं एकदाही नीट ऐकायला मिळत नाही आणि दोष गायकाच्या माथी बसतो. दोष बहुतेक वेळा प्रतीचा असतो.

एक गाणं, इतक्या प्रती कशा?

मूळ वस्तू एकच : मिनिटाला ७८ फेऱ्या मारणारी लाखेची काळी तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. नाटकात वन्समोअर घेत घेत रंगणारं पद रेकॉर्डसाठी तेवढ्यात बसवावं लागे. त्यामुळं ‘बालगंधर्वांचं संपूर्ण कान्होपात्रा’ असं कुणी लिहिलं असेल तर जरा थांबावं. त्या काळच्या तबकड्या सुट्या पदांच्या आहेत.

या तबकड्यांवरून ग्रामोफोन कंपनीनं पुढं लाँग प्ले काढल्या, मग कॅसेट आल्या, मग सीडी. २००० साली कंपनीचं नाव सारेगामा झालं आणि गाणी हळूहळू इंटरनेटवर आली. कंपनीबाहेर दुसरी वाट आहे संग्राहकांची. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’, बंगळूरहून विक्रम संपत यांनी उभा केलेला ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ आणि आपापल्या घरी तबकड्या जपणारे कितीतरी लोक. ते जुनी तबकडी थेट वाजवून तिची नक्कल करतात. तिसरी वाट सगळ्यात गर्दीची : कुणाच्या तरी जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर, तिथून व्हिडिओत, व्हिडिओतून पुन्हा दुसऱ्याच्या व्हिडिओत.

कायद्यानंही ही गर्दी मोकळी सोडली आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. १९३० च्या दशकातल्या तबकड्यांची मुदत केव्हाच संपली, म्हणून कुणीही त्या चढवू शकतो. (चालीचा हक्क वेगळा. तो संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं असतो आणि मास्तर कृष्णराव १९७४ साली गेले. घरी ऐकणाऱ्याला याची काळजी नको, पण स्वतःच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ करून त्यावर कमाई करायची असेल तर विचारपूस केलेली बरी.)

म्हणजे कंपनीची प्रत अधिकृत, म्हणून तीच चांगली, असं धरून चालत नाही. कंपनीच्या हाती लागलेली तबकडी झिजलेली असू शकते आणि एखाद्या संग्राहकाकडची कोरी. उलटंही होतं. नाव बघून निवडण्यापेक्षा कान लावून निवडावं लागतं, आणि त्यासाठी गाण्याची परीक्षा दिलेली असण्याची गरज नाही.

पहिली तपासणी : वेग

सगळ्यात मोठा घोटाळा वेगाचा. ‘७८’ हा आकडा पुढं ठरून गेला, पण सुरुवातीच्या काळात रेकॉर्डिंगची यंत्रं नेमकी तेवढ्याच वेगानं फिरत नसत. कुठं ७४, कुठं ८०. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग होऊ लागलं आणि वेगाला हळूहळू शिस्त आली. त्यामुळं ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांच्या ज्या रेकॉर्डी भोंग्यात तोंड घालून गायच्या काळातल्या आहेत, त्यांच्याबाबत संशय जास्त धरावा. कान्होपात्रेच्या वेळी मायक्रोफोन आलेला होता. पण तिथं दुसरी भीती आहे. नक्कल करणाऱ्याचा टर्नटेबल किंवा टेपरेकॉर्डर जोरात फिरत असेल, तर नीट झालेलं रेकॉर्डिंगही बिघडतं.

बिघडतं म्हणजे किती? ७४ वर रेकॉर्ड झालेलं गाणं ७८ वर वाजवलं तर सूर जवळजवळ एका पट्टीनं वर जातो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्या जवळ पोचतं. लयही तेवढीच पळते. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांत संपतं. बालगंधर्वांचा आवाज मुळात उंच आणि नाजूक, स्त्रीभूमिकेसाठी घडलेला. त्याला आणखी पट्टीभर वर चढवलं की नाजूकपणा जाऊन किनरेपणा उरतो. ताना पळापळीच्या वाटतात, आणि सुरावर थांबण्याची त्यांची जी सवय, तीच हरवते.

तपासायला सोपं आहे. एकाच पदाच्या दोन-तीन प्रतींची लांबी बघायची. आठ-दहा सेकंदांचा फरक दिसला की सावध व्हायचं. मग दोन्ही प्रतींचा सूर जुळवायचा. सूर तोच असेल तर एका प्रतीत सुरुवातीचा किंवा शेवटचा तुकडा कापलाय, एवढंच. सूर वेगळा असेल तर दोन्हींपैकी एक तरी वेगानं चुकलेली आहे.

सूर जुळवायला गावातल्या भजनी मंडळातला पेटीवाला पुरे. माणिकनगर आणि गाणगापूरच्या उत्सवांत ज्यांचं आयुष्य गेलं अशी पेटी वाजवणारी माणसं या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. गाणं लावून त्यांना विचारायचं, ‘काका, हे कोणत्या पट्टीत?’ उत्तर ‘काळी एक’ असं चटकन आलं तर बरं. ते दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट ठेवून मान हलवत असतील तर प्रतीवर शंका घ्यायला जागा आहे. हा पुरावा पक्का नाही. जुने ऑर्गन आजच्या पेटीशी तंतोतंत जुळतीलच असं नसतं. तरी दोन प्रतींमधून एक निवडताना त्याचा उपयोग होतो, आणि ज्या प्रतीत लय बसून चालते, श्वास घेतलेला माणसासारखा वाटतो, ती बहुधा बरोबर निघते.

दुसरी तपासणी : साफसफाई

खरखर ही लाखेच्या तबकडीची जात आहे. तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची आणि पोलादी सुई त्यावर घासत जायची. नव्या कोऱ्या तबकडीलाही थोडी खरखर असे. ती पूर्ण काढून टाकली म्हणजे काम चांगलं झालं, असा समज आहे आणि बाजारही त्याच समजावर चालतो.

खरखर जिथं असते तिथंच, त्याच उंच पट्ट्यात, मराठीतले ‘स’, ‘श’, ‘च’ असतात. सारंगीची धार तिथंच असते, तबल्याच्या चाटीचा टणत्कारही तिथंच. कॉम्प्युटरनं खरखरीवर झाडू फिरवला की हे सगळं त्याच सुपात जातं. उरतो तो गुळगुळीत, घोंगडी पांघरलेला आवाज. पहिल्या मिनिटाला तो बरा वाटतो, कारण त्रास कमी. दुसऱ्या मिनिटाला शब्द कळेनासे होतात. अभंगात शब्द कळले नाहीत तर मागं राहिलं काय?

गंधर्व मंडळींच्या साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. थिरकवांचं नाव पुढं देशभर गाजलं. त्या कंपनीच्या गाण्यात साथ ऐकू येणं ही चैन नाही, ती गाण्याचाच भाग आहे. म्हणून दुसरी तपासणी अशी : डोळे मिटून फक्त साथ ऐकायची. ऑर्गनचा सूर वेगळा कळतो का? तबल्याचे बोल सुटे पडतात, की नुसतं धप्-धप् होतं? ओळ संपल्यावर गायकाचा श्वास ऐकू येतो का? आणि ओळींच्या मधल्या शांततेत काय होतं, हे विशेष ऐकावं. गाणं चालू असताना हलकी खरखर आणि गाणं थांबलं की एकदम स्मशानशांतता, असं होत असेल तर मशीन आवाज उघडझाप करतंय. अशी प्रत दहा मिनिटांत कानाला थकवते.

‘स्टिरिओ’ असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. मूळ एकाच मायक्रोफोनचं, एकाच बाजूचं. दोन्ही कानांत वेगवेगळं ऐकू येत असेल तर ते नंतर कुणीतरी पसरवलेलं आहे. ‘एचडी’ हीही तशीच शोभेची पाटी. जुन्या तबकडीत मुळात जेवढं आहे तेवढंच मिळणार. मात्र व्हॉट्सअॅपवर चढवताना व्हिडिओ चेपला जातो, त्याबरोबर आवाजही. म्हणून आवडलेलं गाणं फॉरवर्डमधून साठवू नये, मूळ ठिकाणाहून घ्यावं.

हेच दुखणं साता समुद्रापलीकडं

संगीत नाटकाला परदेशातला जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो ऑपेरा. तिथंही कथा गाण्यातून पुढं जाते, तिथंही लोक गायकासाठी तिकीट काढतात. इटलीचा एन्रिको कारुसो हा तिथला बालगंधर्व म्हणावा असा गायक. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात त्याची दहा गाणी रेकॉर्ड करणारा फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहर जानची रेकॉर्ड केली. भारतातल्या तबकड्यांच्या रेकॉर्डिंगची सुरुवात त्याच दौऱ्यातली.

कारुसो १९२१ मध्ये वारला. पण त्याच्या रेकॉर्डी विकायच्या होत्याच. १९३० च्या दशकात कंपनीनं त्याच्या जुन्या आवाजामागं नवा वाद्यवृंद वाजवून त्या पुन्हा बाजारात आणल्या. २००० च्या सुमारास हाच प्रयोग आधुनिक वाद्यवृंद घेऊन पुन्हा झाला. मधे १९७६ साली थॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन अभियंत्यानं कॉम्प्युटर वापरून भोंग्याचा ठसका काढायचा प्रयत्न केला. जुनी रेकॉर्ड कॉम्प्युटरनं दुरुस्त करण्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक. आणि तरी जाणकार ऐकणारे आज ज्या प्रतींकडं वळतात त्यांत वॉर्ड मार्स्टन यांच्या आहेत. त्यांनी कारुसोच्या सगळ्या रेकॉर्डी चांगल्या तबकड्या मिळवून, एकेकीचा वेग ठरवून उतरवल्या. खरखर थोडी ठेवली, गाणं ठेवलं.

आपल्याकडं जुन्या आवाजामागं नवा तबला, नवा कीबोर्ड घातलेल्या प्रती दिसतात, तेव्हा हे आठवावं. करणाऱ्याची हौस समजू शकते. पण मूळ ठेका आणि वरचा ठेका एकमेकांच्या पायात येतात, आणि मूळ साथ कायमची झाकली जाते.

तिसरी तपासणी : गातंय कोण?

हे हसण्यासारखं वाटेल, पण गफलत सगळ्यात जास्त इथं होते. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे दिसतात आणि आवाज आनंद भाटे यांचा आहे. त्या गाण्यासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणं उत्तमच आहे, नव्या माणसानं तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फक्त ते बालगंधर्व नव्हेत. व्हिडिओवर बालगंधर्वांचा जुना फोटो लावून खाली दुसऱ्याच कुणाचं गाणं, असंही सापडतं.

दुसरी गफलत आपल्या कर्नाटकातली. गोहरबाई कर्नाटकी, विजापूरकडच्या बिळगीच्या घरातल्या, गायिका-अभिनेत्री अमीरबाईंच्या बहीण. त्या बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या, त्यांच्या जोडीदार झाल्या आणि त्यांच्याच ढंगात पदंही गायल्या. नाव न वाचता ऐकलं तर फसायला होतं. वर कहर म्हणजे कलकत्त्याच्या गौहर जान आणि बिळगीच्या गोहरबाई या दोघींना एकच समजणारे व्हिडिओ. गौहर जान १९३० साली म्हैसुरात वारल्या, कान्होपात्रा रंगभूमीवर यायच्या आधी.

तिसरी गोष्ट वयाची. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. कान्होपात्रा आलं तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे, विशीतल्या ‘मानापमाना’च्या भामिनीपेक्षा आवाज भरलेला. उतारवयात शरीर थकल्यावरही ते भजनं गात. त्या काळातला आवाज ऐकून तरुणपणाविषयी मत बनवणं बरोबर नाही. म्हणून प्रतीखाली काय लिहिलंय ते वाचावं. मूळ तबकडीच्या लेबलचा फोटो, तबकडीचा नंबर, नाटकाचं नाव, साल यांतलं काहीही दिलं असेल तर चढवणाऱ्यानं तबकडी हातात घेतलेली आहे, एवढं तरी कळतं. नुसतं ‘जुनं ते सोनं, जरूर ऐका’ एवढंच असेल तर पुढच्या प्रतीकडं जावं.

मग कोणती?

रोज सकाळी देवपूजेच्या वेळी लावायला कंपनीची थोडी साफ केलेली प्रत पुरते. तिच्यात शब्द कळत असले म्हणजे झालं. घरातल्या पोरांना पहिल्यांदा ऐकवायचं असेल तर आधी भाटे यांचं गाणं, मग लगेच मूळ. खरखर मग तितकी टोचत नाही, कारण कान गाण्याच्या मागं लागलेला असतो. पण गाणं शिकायचं असेल, पद बसवायचं असेल, किंवा एकच प्रत कायमची जपून ठेवायची असेल, तर लेबलासकट दिलेली, कमीत कमी हात लावलेली, वेग तपासलेली संग्राहकाची प्रत घ्यावी. खरखरीसकट. खरखर नंतर कधीही काढता येते. गेलेला ‘च’ परत आणता येत नाही.

घरातल्या माळ्यावरची तबकडी

सगळ्यात चांगली प्रत अजून इंटरनेटवर आलेलीच नसेल, हीही शक्यता आहे. निजामाच्या काळात बिदर जिल्हा उदगीर-निलंग्यापर्यंत पसरलेला होता. १९५६ मध्ये तो राज्याराज्यांत वाटला गेला, पण घरं, सोयरिकी आणि ट्रंका वाटल्या गेल्या नाहीत. कुणाच्या तरी माळ्यावर भोंग्याचा ग्रामोफोन आणि तबकड्यांचा गठ्ठा अजून असू शकतो.

असला तर भंगारवाल्याला देऊ नये आणि स्वतः वाजवायची घाईही करू नये. लाखेची तबकडी हातातून पडली की कपासारखी फुटते. ती स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं पुसू नये, लाख त्यात विरघळते. किंचित ओलसर मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसावी, मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नये. एकावर एक आडव्या न रचता पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून आणि पत्र्याच्या तापापासून दूर. जुन्या ग्रामोफोनची जड सुई दर वेळी थोडी थोडी खाच खात जाते, तेव्हा हौसेनं दहादा लावून बघणं महागात पडतं. लाँग प्लेची सुईही चालत नाही. ती या तबकडीच्या रुंद खाचेत तळाला घासते आणि नुसती खरखर उचलते. ७८ साठी जाड टोकाची वेगळी सुई लागते, आणि ती असलेल्या माणसाकडंच नक्कल करून घ्यावी.

त्याआधी एक काम मात्र घरच्या घरी होतं. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या लेबलांचे मोबाईलवर सरळ फोटो काढायचे, लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेले बारीक आकडेही दिसतील असे. नंबर कळला की ही तबकडी कुणाकडं आधीच आहे आणि कुणाकडं नाही, हे संग्राहक तबकडीला हात न लावताही सांगू शकतात.